खराट्याचे दोन तुकडे

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आता अलिबागच्या एका कॉलेजात तुमचाच विषय शिकवते. चांगला शिकवते, हे आधीच सांगून टाकते. खोटा विनय तुम्हाला कधी चालला नाही. आज वर्गात फूटपट्टी मधोमध दोऱ्याने टांगली. दोऱ्याच्या एका बाजूला जवळच दोन सारखी वजनं लावली, दुसऱ्या बाजूला दुप्पट लांब तसलंच एक. पट्टी आडवी थांबली. एकीकडे दोन, एकीकडे एक, तरी समतोल कसा, हा प्रश्न मुलांच्या तोंडावर दिसला की मला तुमच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं होतं.

माझा दहावीचा निकाल लागला आणि बाबा धुतलेला शर्ट घालून शाळेत तुम्हाला भेटायला आले. "बाई, पोरीला सायन्सला घालू का? तुमी हो बोललात तर घालतो. नायतर बोंबलाच्या वलांडीवर मानूस कमीच हाय." बाबांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नसतं, म्हणजे माझं पुढचं शिक्षण तुमच्या एका शब्दावर अडलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, "आठवड्याने सांगते. सूत्रं हिला पाठ आहेत. कळली आहेत असं मला वाटत नाही." विज्ञानात शाळेत पहिली आलेली मी. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

तुमचं म्हणणं खरं होतं, आणि त्याला कारण आमची वलांडी. बांबूच्या त्या मांडवावर आम्ही बोंबील वाळत घालायचो, दोन-दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून, एक अलीकडे, एक पलीकडे. जोडी सारख्या वजनाची लागते, नाहीतर जड असेल तो हलक्याला घेऊन खाली घसरतो. कळायला लागल्यापासून माझे हात हेच करत आले होते. त्यामुळे पेपरात मी बल गुणिले बलभुजा, भार गुणिले भारभुजा असं घडाघडा लिहीत असले, तरी मनातून समतोल म्हणजे दोन्हीकडे सारखं वजन, एवढंच मी धरून चालले होते.

दोन दिवस मी कशीबशी कळ काढली आणि मग सरळ तुमच्या घरी आले. तुम्ही भाकऱ्या थापताय. मी दारातूनच विचारते, "बाई, माजं काय चुकलं त्ये सांगा." तुम्ही हात धुता, मागच्या अंगणातून लांब दांडीचा खराटा आणता आणि एका बोटावर तोलून दाखवता. बोट दांडीवरच आहे, पण खालच्या हिरांपासून अगदी जवळ. "इथे कापला तर कुठला तुकडा जड?" मी म्हणते, "दोनी सारके. त्याबिगर तोलेल कसा?" तुम्ही कोयता घेता. ओटीवरून तुमच्या सासूबाई ओरडतात, "अगं, चांगला खराटा कशाला तोडतेस?" तोवर दोन्ही तुकडे माझ्या हातांत आलेले असतात. जोड्या लावून तयार झालेले माझे हात, त्यांना फसवणार कोण? हिरांचा तुकडा चांगलाच जड होता.

"मग मघाशी तोलला कसा?" तुम्ही विचारलंत आणि पुन्हा भाकरीकडे वळलात. मी दोन्ही तुकडे कापल्या जागी पुन्हा टोकाला टोक लावून धरले. शेवटी बोलले, "ह्यो जड हाय, पन बोटाला चिकटून हाय. त्यो हलका, पन लांब गेलाय. लांब गेला म्हनून त्याचा जोर वाढला." तुम्ही मागे न बघता म्हणालात, "आता तुझं सूत्र म्हण." मी म्हटलं, आणि त्यातला 'गुणिले' मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. एवढा आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

बाबा पुन्हा आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "घाला सायन्सला. चूक काढली की घरी येऊन भांडते ही." बाबांना ती तक्रार वाटली. "माफ करा बाई, मी दम देतो तिला." तुम्ही हसलात. "दम नका देऊ. ॲडमिशन घ्या."

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून तर एवढं लिहवतंय. आज वर्ग सुटल्यावर एक आई मुलीला घेऊन आली. "मॅडम, हिला पुढे इंजिनिअरिंगला घालू ना? तुम्ही म्हणाल तसं." मुलीची गणितं पटापट सुटतात, पण टांगलेली पट्टी कुठल्या बाजूला झुकेल विचारलं की ती आधी वहीत बघते. मला थोडे दिवस मागायचे होते. पण मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी "हो, घाला" म्हणून मोकळी झाले. शिकवण्यात मी तुमच्यापेक्षा कमी नाही, हे मी कोणालाही छातीठोक सांगेन. पण समोर उभ्या पोरीचा चेहरा पडू द्यायची हिंमत, बाई, मला अजून आलेली नाही.