पंचमीची विळी

शिराळा, नागपंचमी, १९९४. सांगते मी, लिहिते सूनबाई.

माझी नात शोभा पुण्यात पेशीच्या आतले बारीक धागे कापून बघते. पेशी ताठ कशानं राहते, ते तिला शोधायचं हाय. दुपारी तिचा फोन आला, "आजी, उद्यापर्यंत पेशी मरतील. आज कापू का?"

"पंचमीला कापत न्हाईत. एवढी शिकलीस, अन् मला इचारतीस?"

बरं म्हणून तिनं फोन ठेवला. वर्षाची मेहनत तिची. कशाला अडवलं मी? नजर सारखी कोपऱ्यातल्या विळीकडं.

शेवटी फोन लावला. "काप गं."

मग विळी ओढली, काकडी चिरली. सूनबाई ओरडली, "आवं आत्याबाई, आज?"

म्हटलं, "नागोबा रागावलाच, तर जवळचं घर सोडून पुण्याला कशाला जाईल?"