बारावं बटण

आप्पा, खंडेनवमी जवळ आली की अजून माझं डोकं फिरतं. तुम्हालाच शिव्या घालते, आणि तुम्ही उलट बोलणार नाही म्हणून जरा जास्तच घालते. तसं शेवटच्या वर्षात तरी कुठं बोलू शकत होता म्हणा.

स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आई भिंतीला डोकं टेकून बसली आणि तुम्ही मायक्रोफोन शोधत होता. अख्ख्या राजारामपुरीला ऐकू जाईल असा तुमचा आवाज. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या आपल्या दुकानात तो म्हणजे अर्धा धंदा. ऑपरेशनच्या आधी तुम्ही तो दुकानातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवलात, कीबोर्डच्या एकेका बटणावर एकेक वाक्य. पहिलं दाबलं की "या पावणं, बसा!" चौथ्यावर "न्हाय झालं अजून, उद्या या की!" सातव्यावर "चा सांगू का?" बारावं माझ्यासाठी ठेवलंय म्हणालात. नंतर मी ते दाबायला गेले की हातावर फटका बसायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही दुकान झाडलंत, पक्कड, मीटर, सोल्डरिंग गन पुसून मांडलीत. तेवढ्यावर थांबायचं ना! कॉम्प्युटर आतूनही स्वच्छ हवा म्हणून नवं कर्नल घातलंत आणि जुनं अडगळ समजून काढून टाकलंत. कर्नल म्हणजे लिनक्सचं काळीज. नवं धडधडतंय का बघायच्या आधी जुनं कुणी टाकतं का? नवी चप्पल चावायची थांबेपर्यंत जुनी फेकायची न्हाय, हे तुम्हीच मला शिकवलेलं. बरं, एकदा चालू करून तरी बघावं. तेही नाही, कारण पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, झालं.

दसरा झाला, दुकान उघडलं. गडमुडशिंगीचा एक माणूस दारात उभा आहे. तुम्ही कॉम्प्युटर चालू करता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, कर्नल पॅनिक, आणि पुढं काहीच नाही. "मालक, झालं का आमचं?" तो विचारतोय. तुम्ही पहिलं बटण दाबताय, चौथं दाबताय, पुन्हा पहिलं. मग तोंड उघडताय आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा येतेय. तो माणूस खाली बघायला लागला. तुमच्या डोळ्यांत तेव्हा जी भीती दिसली, ती ऑपरेशनच्या दिवशीही नव्हती.

मी तुम्हाला खुर्चीतून उठवलं. लिनक्सची सीडी घालून तिच्यावरून कॉम्प्युटर चालू केला, आतली डिस्क उघडली. तुमचा आवाज जागेवर होता. सुरू होताना नव्या कर्नलला डिस्क सापडावी म्हणून एक छोटी फाईल लागते, पण जागा अपुरी पडल्यानं ती अर्धवटच बनली होती. तुम्ही पाटीवर लिहिलंत, "आधी आवाजाची कॉपी घे." घेताना बाराव्या बटणाची फाईल दिसली. तुम्ही हातवारे करत चहा सांगायला बाहेर गेलात, तेवढ्यात हेडफोन लावून मी ती ऐकली.

तुम्ही खाकरता. खुर्ची सरकते. "पोरी..." मग बराच वेळ पंख्याचा आवाज. शेवटी, "ह्यॅ, काय बोलायचं आता. ऱ्हाऊ दे, उद्या बघू." त्या उद्याला तुमचं ऑपरेशन होतं. गिऱ्हाइकांना अकरा वाक्यं, आणि मला गिऱ्हाइकासारखंच उद्या. असा राग आला होता, आप्पा.

जुनं कर्नल गेल्यामुळं आता जागा होती, ती छोटी फाईल नव्यानं बनवली. कॉम्प्युटर सुरू झाला. तुम्ही पहिलं बटण दाबलंत. "या पावणं, बसा!" ऐकून तो माणूस खरंच बसला आणि तुम्ही लहान पोरासारखे रडलात. बाराव्या बटणाचं मी काही विचारलं नाही. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही नव्हता.

आई अजून विचारते, "तुझ्या बटणावर काय हाय गं?" तुम्ही माझं कौतुक केलंय, असं मी सांगते. मग ती म्हणते, ऐकव की एकदा. तेवढी एक फाईल खराब झालीय, मला दुरुस्त करता येत नाही, असं तिला सांगते.