पान बारावरची गल्ली

४ मार्च

चि. ठोकळ्यास, भरपूर आशीर्वाद.

पायाने चालवायच्या यंत्राचा तो आवाज, खट्-खट्-खर्र! ब्रशच्या लाकडी पाठीला भोकं पाडायला वडील बसले, की भिंतीपलीकडच्या शाळेत आमचा वर्ग त्याच ठेक्यावर कविता म्हणायचा. मास्तर वैतागायचे, वृत्त मात्र माझं तेव्हापासून कधी चुकलं नाही. तू आमच्या ब्रशवाल्या गल्लीच्या आठवणी मागितल्यास, म्हणून हे. तेव्हा एकवीस कारखाने होते, आता चारच चालतात. गल्ली मुकी झाली रे. दुपारी पान गळलं तरी ऐकू येतं.

पण एक सांग, वर्षभर पत्र न लिहिणाऱ्या पुतण्याला अचानक काकाचं बालपण का आठवलं?

लोभ आहेच, लिहीत गेलास तर वाढेलही.

तुझा काका

१९ मार्च

ती. काकांस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ऑफिसात साहेबांनी दोनदा वाचलं आणि तुमचे काका कवी दिसतात म्हणाले. संशयी आहेत, हे मी सांगितलं नाही! आमचा उद्योजक संघ सरकारकडे उद्योगवाढीच्या कायद्यासाठी प्रयत्न करतोय: परवाने लवकर, कर कमी, नव्या कारखान्यांना जागा. आमदारांच्या समितीपुढे जुन्या कारखानदारांची मनोगतं ठेवायची आहेत. त्यात तुमचं शोभून दिसेल.

गुडघ्याला जपा. माया आहे तशीच राहू द्या.

आपला ठोकळ्या

३ एप्रिल

चि. ठोकळ्यास आ.

संघाची पुस्तिका आली. बाराव्या पानावर माझ्याच अक्षरात, फोटो काढून छापलंय: गल्ली मुकी झाली. आधीचं ‘चारच चालतात’ कुठे सांडलं? कवितेचं एकच कडवं उचलून कवीला रडका ठरवावा, तसं झालं. आणि शेजारी विधेयकाचं नववं कलम: बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागा सरकारने ताब्यात घेऊन मोठ्या उद्योगांना द्याव्यात.

माझ्याकडे सात माणसं कामाला आहेत. ब्रशच्या भोकांतून तार ओवणाऱ्या बाई पान वाचून मला विचारत होत्या, की मालक, आपण मेलो कधी? मी त्यांना काय सांगू? कात्री कुणाची, तुझी की साहेबांची?

उत्तर टाळू नकोस.

काका

१० एप्रिल

ती. काकांस, सा. न.

कात्री माझीच. साहेबांना अर्धंच पान हवं होतं. ते कलम मी तेव्हा पाहिलं नव्हतं, एवढं खरं माना. कायदा वाईट नाही, काका. एका परवान्यासाठी तुम्हीच चौदा महिने खेटे घातलेत. समितीला मात्र काही कळवू नका. ती पत्रं कुणी वाचत नाही, नुसता गठ्ठा मोजतात. मी साहेबांशी बोलून कलम दुरुस्त करून घेतो. तुम्ही उघड खोडून काढलंत, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.

रागावलात तरी तोडू नका.

ठोकळ्या

२४ एप्रिल

चि. ठोकळ्यास आ.

खेटे घातले, आणि परवान्यांची कलमं मलाही पटतात. पण पत्रं कुणी वाचतच नसेल, तर पुस्तिका छापली कशाला? आणि एवढ्यावरून तुला घरी बसवणारे साहेब तुझ्या शब्दावर कलम बदलतील होय? मला ते काही जुळेना. म्हणून तुझं पत्र आलं त्याच दुपारी समितीला लिहून टाकलं: पुस्तिकेत माझं ‘चारच चालतात’ कापलंय; चार कारखाने, सगळे चालू, एकतीस माणसं. कात्री कुणाची, ते लिहिलेलं नाही. शाळेत तुझी कविता अडली की मी खिडकीतून ओळ पुरवायचो, तेव्हाही मास्तरांना कधी

थांब, दार वाजतंय.

समितीच्या अध्यक्षबाई आल्यात. एकट्या, चालत, गाडी कोपऱ्यावरच सोडली म्हणे. हातात पुस्तिकेचं बारावं पान आणि माझं नवं पत्र. पुढे केलेल्या खुर्चीवर बसायला तयार नाहीत. आधी कारखाना दाखवा म्हणाल्या; आणि दोन्हीकडे अक्षर तुमचंच आहे, तर ‘चारच चालतात’ कापलं कुणी, तेही सांगा म्हणाल्या. त्या आत यंत्र बघतायत, तेवढ्यात हे लिहितोय.