रंग सोडणारी गादी

॥ श्री ॥
गोडादरा, सुरत
१० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सरलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या उबवणी केंद्रातून पाठवलेली कोंबडीची पिल्लं काल पोचली. सगळी जिवंत आहेत. मी मात्र वासाने अर्धी मेले आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात भांडण जुंपलंय, म्हणून हे पत्र.

चेतनने मागच्या खोलीत पत्र्याचं गोल कडं केलं, वर बल्ब टांगला आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. त्यावर पिल्लं घसरतात आणि तंगड्या फाकवून बसतात. बसल्या जागी घाण करतात आणि तीच टोचून खातात, शी! काहींच्या बुडाला ती वाळून अशी गच्च बसते की मला कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसावी लागते. मग त्याच हातांनी भाकरी थापायची. कितीही साबण लावला तरी काल पिठल्याला तोच वास येत होता. माझ्याने घास गिळवला नाही.

पण बोलायची सोय नाही. त्याचं कापडाच्या लूमचं खातं दिवाळीला बंद पडलं तेव्हापासून पोरगा घरी बसून होता. आता त्याचं सगळं चित्त त्या कड्यात आहे, म्हणून नाकाला पदर लावून गप्प बसते. खाली काय अंथरावं ते तेवढं कळव. मी म्हणते लाकडाचा भुसा. चेतन म्हणतो, पलसाण्याच्या मिलमधल्या चिंध्या फुकट मिळतात.

वहिनीस नमस्कार. आहे ती माया राहू दे.

तुझी,
सरला

—

नवापूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सरलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी पोट धरून हसली. अगं, गोवऱ्या थापता थापता त्याच हाताने चिंचा खाणारी तू! तुला सुरतेचं पाणी चांगलंच लागलं म्हणायचं.

आता नीट वाच. पिल्लांखाली जे अंथरतात त्याला आमच्या धंद्यात गादी म्हणतात, आणि अर्धा धंदा त्या गादीवर उभा असतो. वर्तमानपत्र आजच काढ, नाहीतर फाकलेल्या तंगड्या तशाच राहतील. भुसाही नको, बारीक असतो. पिल्लं दाणा समजून खातात आणि पोट तुंबून मरतात. भाताचं तूस आण. तुमच्या बाजूला भात पिकतो, कुठल्याही राइस मिलवर मिळेल. कोरडं बघून घे, कुबट वास आला तर परत कर. चार बोटं जाड पसर, रोज हाताने हलव, पाण्याच्या भांड्याजवळचं ओलं काढून टाक. वास पिल्लांचा नसतो, ओल्या गादीचा असतो. चिंध्या तर चुकूनही नको. दोरे पिल्लांच्या बोटांना गुंडाळले जातात.

चेतनला सांग, मामा पाठीशी आहे. लोभ वाढवावा.

तुझा,
लक्ष्मणदादा

—

गोडादरा, सुरत
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र यायच्या आत चेतन चिंध्यांची दोन पोती घेऊन आला होता. फुकट ते पौष्टिक! छपाईत बिघडलेलं, न धुतलेलं कापड होतं ते. पिल्लांनी पाणी सांडलं, घाण केली, आणि चिंध्यांनी रंग सोडला. सकाळी पाहते तर कुणी गुलाबी, कुणी हिरवं, कुणी जांभळं. खोलीतून रंगाचा आणि विष्ठेचा असा मिळून वास आला की मी तशीच मोरीकडे धावले. दोन पिल्लांच्या पायांत दोरा रुतून बोटं काळी पडली होती. दोरा मी कात्रीने सोडवला, पण बोटं काही राहिली नाहीत.

याहून घाण पुढे आहे. भूपेंद्र म्हणून एक फेरीवाला गल्लीत येतो, टोपलीत रंगवलेली पिल्लं घेऊन शाळांबाहेर विकतो. त्याने आमची पाहिली आणि खूश झाला. रंगवायचा त्रास वाचला म्हणे, सगळी द्या. चेतनही तयार झाला. दादा, मी काही माळकरी नाही. कोंबडी कापते, माझ्या हातचा रस्सा तू बोटं चाटून खातोस. पण त्या टोपलीतलं पिल्लू पोरं मुठीत दाबतात, दोरी बांधून फरफटवतात आणि दोन दिवसांत उकिरड्यावर टाकतात. आमच्या कोपऱ्यावर तशी पडलेली मी बघते. जीव कुणाच्या पोटातही जात नाही. या पैशाचं मीठसुद्धा मला घरात नको.

चेतन एकच म्हणतो, मामा नको म्हणाला तर देणार नाही. तेव्हा उलट टपाली स्पष्ट लिही की देऊ नको. तुझा शब्द तो मोडणार नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसले आहे. माया असू दे.

तुझी,
सरला

—

नवापूर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सरलास,
आशीर्वाद.

चिंध्या काढून तूस घातलं असशीलच. जुनी गादी खरवडून काढ, फरशी चुन्याने पूस, वाळू दे, मगच नवी पसर. रंगाची काळजी नको, पिसं फुटली की जातो. बोटं गेलेली पिल्लंही वाढतात.

बाकी चेतन आता मोठा आहे, त्याचं त्याला ठरवू दे. धंद्यात इतकी किळस धरून चालत नाही. वहिनीची कंबर दुखते आहे, पण आखाजीची, अक्षय्य तृतीयेची, तयारी तिने आतापासून मांडली आहे. तू माहेरी येशीलच.

लोभ असावा.

लक्ष्मणदादा

—

गोडादरा, सुरत
३ मार्च २०२५

दादास,
नमस्कार.

तुझं पत्र चेतनने वाचलं. मामा नको म्हणत नाही, म्हणून त्याने भूपेंद्रला बोलावलं. काल तो टोपल्या घेऊन आला. मी खोलीचं दार अडवून उभी राहिले. त्याला म्हटलं, माझ्या भावाचं नवापूरला उबवणी केंद्र आहे, त्याच्या दारात तुझ्यासारख्याला पाणीसुद्धा मिळणार नाही.

तो हसायलाच लागला. लक्ष्मणकाकांकडूनच तर माल येतो, म्हणाला. अंडी न देणारे नर काका दर खेपेला वेगळे काढून ठेवतात, आणि वाटेत मेलेली पुढच्या खेपेला बदलूनही देतात. व्यवहाराला माणूस चोख आहे, असं तुझं कौतुक त्याने माझ्याच दारात उभं राहून केलं.

म्हणून तुला ‘देऊ नको’ लिहिता आलं नाही होय! मी आपली वेडी, तुझ्या शब्दाची वाट बघत होते.

मी आत गेले आणि त्या कड्यात मांडी घालून बसले. पिल्लं माझ्या लुगड्यावर चढली, तिथेच घाण केली, मी हलले नाही. शेवटी चेतनने भूपेंद्रला जायला सांगितलं. माझ्याशी तो अजून बोलत नाही. आज कडोदऱ्याला काम शोधायला गेला आहे.

तूस तू सांगितलंस तसंच घातलं. वास खरोखर गेला. तुला इतकं सगळं कळतं, दादा, याचाच जास्त संताप येतो. कुठल्या पिल्लाला कशाने इजा होते हे ज्याला बारकाईने ठाऊक आहे, तो माणूस टोपल्या भरून देतो. मला तुझी किळस आली. सख्ख्या भावाला असं लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

आखाजीला मी येणार नाही. वहिनी पुरणाची डाळ निवडून वाट बघेल, सरला का आली नाही म्हणून विचारेल. तिला कारण तूच सांग.

सरला