फोडू की थांबू

सोम., ९ फेब्रु.
शेजारच्या शबानाची कोंबडी आज अंड्यांवरून उठली. सकाळी भिंतीवरून डोकावले तर टोपली उघडी, अंडी गार व्हायला लागलेली, आणि बाईसाहेब अंगणात किडे वेचत फिरतायत. दोनदा धरून बसवली, दोनदा उठली. तिच्या हिशोबानं दिवस भरले. अंडी बदकाची आहेत, त्यांना आठवडाभर जास्त लागतो, हे तिला कोण सांगणार!
शबाना लातूरला. तिची अम्मी पडली, खुब्याचं हाड मोडलंय. जाताना चावी देऊन म्हणाली होती, "मंगलबाई, नुसतं दाणापाणी टाका. बाकी कोंबडी बघंल." बदकाची मादी गेल्या महिन्यात कुत्र्यानं नेली. ही चार अंडी तिची शेवटची.
फोन केला. ती दवाखान्याच्या जिन्यात उभी. "खोक्यात बल्ब लावून ठेवा. मिन्नत करते."
आमच्या लिंगायताच्या घरात अंडं! माहेरी नाही, इथंही कधी नाही. आज जन्मात पहिल्यांदा हातात धरलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड.
यांनी दुकानातून बिस्किटांचं रिकामं खोकं आणलं. माडीवर ठेवलंय. सासूबाईंना सांगितलं नाही.

गुरु., १२
शाळेत होते तेव्हा लाईट गेली. किती वेळ गेली होती कळायला मार्ग नाही. आल्या आल्या वर पळाले. खोकं जेमतेम कोमट. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावल्या. तोवर हातपाय धुतले नव्हते, चहा नाही. सासूबाई खालून, "वर काय करून राहिलीस गं?" म्हटलं, वाळवण बघते. फेब्रुवारीत कसलं वाळवण!

शनि., १४
एका अंड्याला टवका उडालाय. आत चोच. हलते! कानाला लावलं तर चिवचिव. अंगावर काटा.
शबाना : "नका हात लावू. बदक लई वेळ घेतंय. घाईनं फोडलं तर रक्त जातं त्याचं."
मोबाईलवर बघितलं. एक म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो थांबलात तर गुदमरेल. बंद करून ठेवला.

रवि., १५, महाशिवरात्र
उपास. भोक कालच्याएवढंच. आवाज बारीक झालाय.
हे : "फोड की मग."
"शबाना नको म्हणली."
"शबाना लातूरला हाय. तू इथं हायस."
सासूबाई इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलेल्या, आणि वरून चिवचिव. पूजा झाल्यावर विचारलं, "काय वरडून राहिलंय?" सांगून टाकलं. त्यांनी इष्टलिंग कापडात बांधलं. मग, "आजच्या दिवशी? माझ्यासमोर आणू नको."
तीनदा वर गेले. तिन्ही वेळा हात पुढे केला आणि मागे घेतला. संध्याकाळी आवाज नाही. झोपलं असेल.

सोम., १६
झोपलं नव्हतं.
फोडून बघितलं. पूर्ण झालेलं पिल्लू. पिवळी लव, बोटांमधला पडदासुद्धा. आतलं पातळ साल सुकून अंगाला चिकटलेलं, मान वळवायला जागाच नाही. थोडं पाणी लावलं असतं तर…
परसात पुरलं. वर्गात मुलांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीशी उभी राहिले.
आज अम्मीचं ऑपरेशन. शबानाचा फोन, "अंडी बरी हायत?" म्हटलं, हाव, बरी हायत.
दुपारी दुसऱ्या अंड्याला टवका.

मंगळ., १७
दुसऱ्याचंही भोक वाढत नाही. कडेचं साल पिवळट, कागदासारखं होतंय. कालच्यासारखंच.
शबानाला खरं सांगितलं. पहिलं गेलं, मी थांबले म्हणून गेलं, दुसरं अडकलंय. तिच्या मागे दवाखान्यात कुणाला तरी नंबरानं बोलवत होते. मग, "मला इथून काय दिसणार? तुम्ही बघून राहिल्या. तुम्हीच ठरवा." नको म्हणाली असती तर बरं झालं असतं.
कोमट पाण्यात कापूस भिजवून सालावर फिरवला. चिमट्यानं कडेचा एक तुकडा काढला. दुसरा. चोच पुढे आली, उघडली. तिसऱ्या तुकड्याला लाल थेंब.
चिमटा टाकला.
दारात सासूबाई! गुडघ्यांमुळे पायरी चढत नाहीत त्या. म्हणाल्या, "आता हात काढ."
"मेलं तर, आई?"
"मेलं तर तू मारलंस. न्हाई फोडलं असतं तरी तूच." आणि भिंतीला टेकून तिथंच बसल्या. मी कापूस दाबून धरला. रक्त थांबलं. चिवचिव चालू होती.

बुध., १८
सकाळी साल पुन्हा ओलं केलं, कवचाची वरची टोपी तेवढी उचलली. रक्त नाही. बाकी त्याचं त्यानंच लाथा मारून. शाळेतून आले तेव्हा बाहेर! ओलं, गबाळं, दमलेलं. सासूबाईंनी दारातूनच पाहिलं. "एवढंसंच?"
पण डावा पाय खाली टेकत नाही, बाजूला घसरतो. पाणी पीत नाही. मी लवकर काढलं म्हणून? का अंड्यात जास्त राहिलं म्हणून? कुणाला विचारू! शबानाला कळवलं. रडली. मग पायाचं सांगितलं. "येते मी जुम्म्याला. तवर बघा." अम्मी शुद्धीवर आहे म्हणाली.
चौथं अंडं तसंच आहे, हालचाल नाही. तिसऱ्यावर आत्ता बारीक तडा.
हे म्हणाले, "यावेळी काय?"
माहीत नाही म्हटलं. खरंच नाही माहीत. कान लावून बसलेय. टकटक येते, थांबते. पुन्हा येते. आता मघापासून टकटक नाही. वही ठेवते, बघते.