थर्मोस्टॅटच्या झाकणाला लावलेली खळ

प्रिय, आणि दोन वर्षं बोलणं नसलं तरी वयाने अजून मोठेच असलेल्या दादांना, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? गाड्यांखाली झोपून झोपून ती धरते, असं तुमची बहीण सांगायची. वहिनींचा गुडघा, मुलांचे अभ्यास, गॅरेजातली ती चावरी मांजर, सगळ्यांची खुशाली कळवावी. आम्ही दोघं ठीक आहोत, गाडी ठीक नाही. फोन तुम्ही उचलणार नाही, आणि उचललात तर मला पहिलं वाक्य सुचणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी तो जुना विषय. आमच्याकडे जेवताना मी म्हणालो होतो की गाडी दुरुस्त करण्यात एवढं काय आहे, पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं, वाचता येणाऱ्या कुणालाही जमेल. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात, हात धुतलेत, चपला घातल्यात, आणि तेव्हापासून आमची पायरी चढला नाहीत. तुमच्या बहिणीने यावर मला एका शब्दाने सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं. आता एक मान्य करा, मी पडलो बाइंडर. जन्म पुस्तकं शिवण्यात गेला, तेव्हा आत छापलेलं सगळं खरंच असतं अशी आमच्या धंद्यात समजूत आहे. (आम्ही ती वाचत नाही, नुसती बांधतो.)

तर गेल्या महिन्यात गाडीखाली हिरवं पाणी दिसायला लागलं. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा वरचा पाइप जिथे इंजिनाला मिळतो तिथे, थर्मोस्टॅटच्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाखालून कूलंट झिरपत होतं. (त्याला हाउसिंग म्हणतात. तुम्हाला हे मी सांगतोय, काय दिवस आले बघा.) तुमची बहीण चहाचा कप घेऊन मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दादाला विचारायचं का?" मी म्हटलं, काही गरज नाही, माझ्याकडे पुस्तक आहे. तिने चहा मला न देता स्वतःच पिऊन टाकला.

पुस्तक खरंच आहे. गाडीबरोबर आलेलं, पण मी त्याला लाल कापडाची बांधणी करून पाठीवर सोनेरी अक्षरं टाकलेली. त्यात दोन बोल्ट काढा असं लिहिलंय, मी काढले. पुढच्या क्षणी सगळं कूलंट माझ्या बुटांत. आधी रेडिएटर रिकामा करा, हेही त्यात आहे म्हणा, पण ते आदल्या पानावर, आणि ती दोन पानं बांधताना माझ्याच हातून एकमेकांना चिकटली होती. असो. इंजिन थंड होतं, म्हणून पाय शाबूत आहेत.

झाकण निघालं आणि आतून काय निघावं? कागद. तुम्ही ज्याला इतकी वर्षं रुबाबात गॅस्केट गॅस्केट म्हणता, तो साधा कागदाचा तुकडा, दादा. मला हसूच फुटलं. कागदाच्या बाबतीत मला कोण शिकवणार? जुना तुकडा खरवडला, त्यावरून कव्हरचा चांगला पुठ्ठा कापला, भोकं अशी पाडली की तुम्हीही मान डोलावली असती. मग दोन्ही बाजूंनी खळ लावली, घरची, घट्ट शिजवलेली, झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घातलेली. (तुमच्या इंजिनांना झुरळांचा त्रास होत नाही हे मला नंतर कळलं.) आता चिकटवलेली वस्तू दाबायला हवी. आम्ही पुस्तक शिकंजात घालतो आणि स्क्रू कुरकुरेपर्यंत पिळतो. तसेच मी ते बोल्ट दातओठ खाऊन पिळले. कट्ट असा आवाज आला आणि झाकणाचा एक कान तडकला. त्यावर मी बाइंडिंगचं कापड गुंडाळलं आणि वर पुन्हा खळ लावली.

गाडी दिवसभर सुकवली, पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या बहिणीला मोठ्या थाटात फिरवायला काढलं. पंधरा मिनिटं मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो. मग तापमानाचा काटा चढला, बॉनेटमधून वाफ आली आणि एका केशकर्तनालयासमोर आम्ही थांबलो. आतली गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी बाहेर आली. खळ गरम पाण्यात सुटते हे मला तीस वर्षं माहीत आहे, जुनी पुस्तकं उकलायला आम्ही तेच करतो. पण ते तेव्हा डोक्यात येईल तर शपथ.

मी रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच तिने माझं मनगट धरलं. "गरम असताना उघडायचं नाही. दादा एकदा भाजला होता." दोन वर्षांत तिच्या तोंडून तुमचं नाव पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. (चहाच्या वेळचं धरलं तर दुसऱ्यांदा.) इंजिन निवायला तासभर लागला आणि तो तासभर ती तुमच्याबद्दलच बोलत होती. लहानपणी ती तुम्हाला पाने-पकडी हातात द्यायची, न बघता नेमका नंबर काढायची, तुम्ही तिला 'हेडमिस्त्री' म्हणायचात. हे मला लग्नाच्या अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी फुटपाथवर त्याच अजून न सुकलेल्या बुटांत बसून ऐकत होतो आणि मला फार वाईट वाटलं. तेवढ्यासाठी हे पत्र. रविवारी येऊन गाडी बघाल का? तुमच्याशिवाय हे काम कुणाला जमणार नाही, असं मी तिला सांगून बसलोय.

तुमचा,
कागदातलाच जाणकार

ता. क. खळीची गोष्ट गॅरेजात मोठ्याने वाचू नये.

ता. क. दुसरा. खोटं कशाला बोलू, गाडी मंगळवारीच दुरुस्त झाली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने नवं हाउसिंग बसवलं, एक थेंब गळत नाही. तिला हे माहीत नाही. तेव्हा रविवारी सकाळी कोणता बोल्ट किती सैल करून ठेवू, तेवढं कळवा, म्हणजे तुम्हाला काम राहील आणि मी तोंडघशी पडणार नाही. आणि जेवताना मी जे बोललो ते चूक होतं. हे वाक्य मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच लिहिलंय.

दादा, पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली मी लिहितेय. गाडी दुरुस्त झाल्याचं मला मंगळवारीच कळलं, गाडीखालची फरशी कोरडी होती. डावीकडचा बोल्ट मी काल अर्धा फेरा सैल केलाय. तू ये.