होडीच्या गाण्याचा बाप

कोडंबाक्कम, चेन्नई

ती. मामांच्या पायांशी तिरुवेंगडमचा दंडवत. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला गेला का? कुंभकोणमच्या त्या वैद्याचं तेल अजून लावत असाल तर कृपा करून बंद करा, तो स्वतः काठी घेऊन चालतो. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे प्रकृतीनं. बाकी मायवरमला जे झालं ते तिखटमीठ लावून तुमच्या कानावर आलंच असेल, म्हणून खरं काय ते मीच कळवतो.

आमच्या पूंकोडीसाठी तुम्ही सुचवलेलं ते मायवरमचं स्थळ. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाला आम्ही बापलेक गेलो होतो आणि सोबत आमच्या अक्काचे यजमान, कदिरेसन अत्तान (हेही लग्न तुम्हीच जुळवलेलं, विसरला नसाल). एकेकाळी यांनी बांधलेल्या गाण्याच्या चालीसाठी सिनेमावाले पहाटेच दारात येऊन उभे राहायचे. अक्का कॉफी करून करून थकायची. मग संगणक आला. त्यानंतर सिनेमावाले अत्तानना फक्त मुहूर्ताचा दिवा लावायला बोलवू लागले, आणि पुढे दिवा लावायलाही नट्या मिळाल्या. आता म्हणे जुन्या गाण्यांना परत दिवस आलेत. कॉलेजातली पोरं फोनवर अत्तानच्या गाण्यांवर नाचतात. पण खाली नाव कुणाचं? त्या बड्या संगीतकाराचं, मणिमारनचं! आपल्या लोकांचा नियमच आहे मामा. मिनीबसमध्ये जुनं गाणं लागलं आणि मान डोलली, की ते मणिमारनचं. नाही डोलली, तर दुसऱ्या कुणाचं तरी. चौकशी करायची कुणाला पडलीय? अडाणी मेले!

आणि आपले होणारे व्याही दुरैराज म्हणजे या अडाण्यांचे मुकुटमणी. देवघरात मुरुगनच्या शेजारी मणिमारनचा फोटो, त्याला रोज विभूती (मुरुगनला जरा कमीच). मी हेही गिळलं. मुलीचा बाप आहे, गिळावं लागतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शन, आणि रिसेप्शन म्हटलं की वाद्यवृंद आलाच. आवाज असा, की शेजारच्याला ‘बरे आहात ना’ विचारायचं तर त्याच्या कानात शिरावं लागतं. आधी त्यांनी मणिमारनचं एक रडकं गाणं म्हटलं (दारात शेपूट अडकलेल्या मांजरासारखं, नेहमीप्रमाणेच). अर्धी माणसं जेवायला उठली, अत्तानही उठले. मग तो चमकीचा कोट घातलेला गायक ओरडला, “आता आपल्या दैवताचं, मणिमारन सरांचं, होडीचं गाणं!” होडीचं गाणं, मामा! चाळीस वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलो, ‘हे कदिरेसन, होडीच्या गाण्याचे बाप’, तेच गाणं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्टेजवर चढलो (गुडघा दुखत असताना) आणि माईक हिसकावला. म्हटलं, या गाण्याचा बाप आत पानावर बसून सांबारभात खातोय, आणि तुम्ही पोर भलत्याच्या पदरात घालताय? गायक म्हणाला, “आजोबा, पायसम झालं का? नसेल तर आत जा.” सगळे फिदीफिदी हसले. तेवढ्यात दुरैराज आले, “व्याही, खाली या, फोटोची रांग मोडतेय.” मी काय बोललो म्हणता? एवढंच, की तुमच्या देवघरातला फोटो उद्या चोरीचा माल म्हणून पोलीस घेऊन जातील.

इथपर्यंतही निभावलं असतं. पण अत्तान तेव्हाच हात धुऊन बाहेर आले. हात धुवायच्या जागी चिखल, म्हणून त्यांनी नेसलेली वेष्टी लुंगीसारखी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आपल्याकडे वेष्टी दुमडून कुणी भांडणाकडे चालत आलं की त्याचा अर्थ काय होतो, तुम्हाला सांगायला नको. वधूपक्षाला वाटलं, वरपक्षाचे म्हातारे हातघाईवर आले. क्षणात त्यांच्याही सगळ्या वेष्ट्या वर! नवरी स्टेजवर रडायला लागली. मी अत्तानच्या तोंडाशी माईक धरला, “सांगा यांना!” त्यांनी सावकाश वेष्टी खाली सोडली आणि म्हणाले, “गाणं चांगलं आहे. म्हणू द्या त्यांना.” बघा, केवढा मोठा माणूस! माझे डोळे भरून आले. मी त्यांचा हात धरून, पान न घेता, ताठ मानेनं बाहेर पडलो.

माझं काही चुकलेलं नाही. तुम्हीही माझ्या जागी हेच केलं असतंत.

आपला आज्ञाधारक,
तिरुवेंगडम

ता. क. – दुरैराजनी निरोप धाडलाय, धाकट्याच्या लग्नाचं ‘पुन्हा विचार करून’ बघू. पूंकोडीला तो मुलगा मनापासून आवडलाय. ती मला वाढते, पण रसम हवं का, हे विचारत नाही. मामा, तुम्ही एकदा मायवरमला जाऊन या. बाप तापट असला तरी मुलगी शांत आहे, एवढंच सांगा. गाण्याबद्दल मात्र माघार घेऊ नका.

ता. क. पुन्हा – पाकीट चिकटवण्याआधी खाली अक्काच्या बिऱ्हाडी जाऊन हे पत्र अत्तानना वाचून दाखवलं. वाटलं, गहिवरतील. तर म्हणतात, “तिरू, होडीचं गाणं मणिमारनचंच रे. मी त्यात फक्त पेटी वाजवली.” मी म्हटलं, मग इतकी वर्षं तोंड शिवून का बसलात? म्हणाले, “तुझ्या वडिलांनी त्या गाण्यावर भाळून मुलगी दिली. मांडवात सांगायचा धीर झाला नाही. पुढे तुझी अक्का रोज दिवा लावताना तेच गुणगुणायला लागली. मग कसा सांगणार?” आणि वडिलांच्या डोक्यात हे भरवलं होतं कुणी? तुम्ही, मामा! मी विचारलं, मग त्या रिसेप्शनला तुमचं एखादं गाणं होतं तरी का? म्हणाले, “होडीच्या आधीचं. लोक जेवायला उठले ते.” (मी ते आत्ता फोनवर पुन्हा ऐकलं. सुरेख आहे हो. फार सुरेख आहे.)

तेव्हा हे आता तुम्हीच निस्तरा. दुरैराजना सांगा, गाणं मणिमारनचं, तिरुवेंगडम कान धरतो. फक्त अक्काला यातलं अवाक्षर कळू देऊ नका. ती आत दिवा लावतेय, आणि अत्तान दाराशी उभं राहून चौकटीवर बोटांनी ताल धरतायत.